तपकिरी दुधाचा डबा

बरणीकाकांचं खरं नाव उरलं होतं ते विजेच्या बिलापुरतं. बाकी सगळ्यांसाठी ते बरणीकाका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांनी जन्म काढला, आणि तोही गल्ल्याशेजारच्या काचेच्या बरण्यांच्या रांगेमागे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याला आधी गोळ्या दिसत, मग बिस्किटं, आणि त्यांच्या वर कुठेतरी काकांचं कपाळ आणि चष्मा. गल्लीतल्या लहान मुलांना कित्येक वर्षं वाटायचं की काका बरण्यांमध्येच राहतात. काकांनी ते कधी खोडून काढलं नाही. कुणाचंच काही खोडून काढायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कोणी काही विचारलं की "बघतो" म्हणायचं, आणि मग खरंच बघायला जायचं.

काम सुटून बरीच वर्षं झाली, तरी सकाळी ते दुकानात जात. धाकट्या मालकांनी त्यांच्यासाठी एक बिनओझ्याचं काम राखून ठेवलं होतं. फळीवरच्या डब्यांची तोंडं पुढे करायची. गिऱ्हाईक डबा उचलतं, वाचतं, कसाही ठेवून निघून जातं. मग काकांनी तो फिरवून त्याचा कागद समोर आणायचा. एवढं झालं की चहा, आणि मग आपल्या खोलीवर.

खोली शिंप्याच्या दुकानावर होती. एकच, पण स्वतःची. बायको गेल्यावर मुलगा म्हणाला होता, चला आमच्याकडे. तो दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा. काका "बघतो" म्हणाले आणि तिथेच राहिले. खालून शिलाई मशीनचा आवाज यायचा, तो त्यांना सोबतीसारखा होता. मशीन थांबलं की त्यांना कळायचं, जेवायची वेळ झाली.

अलीकडे मात्र मुलानं तो विषय पुन्हा काढला होता, आणि त्याला कारणं होती. एकदा काका चहाचं आधण गॅसवर ठेवून दुकानात निघून गेले. शिंप्याला वास आला म्हणून निभावलं. एकदा किल्ली दिवसभर बाहेरून कुलपातच लटकत राहिली. एकदा तर ते मुलाच्या घरी जेवून आले आणि तासाभरानं पुन्हा जेवायला गेले. सुनेनं काही न बोलता ताट वाढलं, आणि काकाही काही न बोलता जेवले. निम्म्यात त्यांच्या लक्षात आलं. पण आता उठायचं कसं, म्हणून त्यांनी ताट संपवलं.

पुढचं सगळं सुरू झालं ते सुनेच्या चांगुलपणातून. ती एका शाळेच्या ऑफिसात काम करायची. स्वभावानं उत्साही, आणि हात गोड. सुट्टीच्या दिवशी काका जेवायला आले असताना तिनं सहज विचारलं, बाबा, तुमच्या लहानपणी घरात गोड काय व्हायचं, सांगा, मी करते.

काका एरवी चार शब्दांच्या वर जात नसत. त्या दिवशी मात्र बरणीचं झाकण उघडावं तसे ते बोलत सुटले. आई कामावरून येताना डबा आणायची, म्हणाले. कंडेन्स्ड मिल्कचा. घरात त्याला नुसतं डब्यातलं दूध म्हणायचे. आई तो उघडायची, आतलं दूध तपकिरी असायचं आणि इतकं दाट की चमचा उभा राहील. मग ती लोणी पातळ करायची, बिस्किटं लाटण्यानं कुटायची, त्यात ते दूध घालून सगळं ताटात थापायची आणि वाटीच्या बुडानं दाबून गुळगुळीत करायची. रात्रभर ताट खिडकीत. सकाळी आप्पा, म्हणजे काकांचे वडील, सुरीनं त्याचे चौकोन पाडायचे. पहिला तुकडा कोपऱ्यातला, तो काकांना. आप्पा म्हणायचे, कोपरा बाळचा. आणि आप्पांच्या मिशीत बिस्किटाचा चुरा अडकलेला असायचा.

सुनेला गोष्ट आवडली, पण ती एका जागी अडली. दूध तपकिरी कसं व्हायचं? आई त्यात साखर जाळून घालायची का?

काका म्हणाले, छे. डबाच तपकिरी दुधाचा असायचा.

कोणत्या कंपनीचा, ते त्यांना सांगता येईना. डब्यावर कागद नव्हता. नुसता उघडा पत्रा.

इतका वेळ गप्प जेवणारा मुलगा थांबला. "बाबा, तुम्ही जन्मभर दुकानात डबे विकलेत. असा डबा कधी विकलात?"

काकांनी विचार केला. "नाही."

"कधी पाहिलात तरी?"

"नाही," काका म्हणाले. "तेच तर कोडं आहे."

मुलानं आणि सुनेनं एकमेकांकडे पाहिलं. काकांनी ते पाहिलं, आणि ताटात मान घातली.

खरं तर हे कोडं काही त्या दिवशीचं नव्हतं. तरुणपणी दुकानात लागले तेव्हा काकांना मनातून केवढा आनंद झाला होता. तपकिरी दुधाचे डबे आता आपल्याच हाताखाली येणार. पण आले ते सगळे पांढरे. मग त्यांनी ठरवलं, कंपनी बंद पडली असणार. तरीही नवा माल आला की डब्यांचं खोकं ते स्वतःच फोडत. एकदा पोचा आलेला डबा घरी नेऊन उघडूनही पाहिला. पांढरा. कोणाला विचारायची मात्र त्यांची छाती झाली नाही. विचारून उगाच हसं व्हायचं. शिवाय जोवर विचारलं नव्हतं, तोवर कोणी नाही म्हटलेलंही नव्हतं.

आता मात्र विचारणं भाग होतं. दुसऱ्या दिवशी ते दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. तिथे थोरले मालक आरामखुर्चीत बसून असत. वय इतकं झालेलं की कोपऱ्यावर दुकान नव्हतं तेव्हाचंही त्यांना आठवायचं. काकांनी आडून आडून विषय काढला. थोरल्या मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, आमच्या वडिलांच्या वेळेपासून डब्यातलं दूध पांढरंच. तपकिरी झालं म्हणजे नासलं. आम्ही ते परत पाठवायचो.

"कधीच नव्हतं?"

"अरे बाबा, असतं तर आपण विकलं नसतं का?"

काका बाहेर आले आणि डब्यांची तोंडं पुढे करू लागले. थोड्या वेळानं धाकटे मालक हळूच त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, काका, आज ही सगळी मागे वळवलीयेत तुम्ही.

उरली होती ताई. काकांची ही एकुलती एक बहीण, त्यांच्यापेक्षा खूप मोठी. बसनं तासाभराच्या अंतरावर, लेकीजवळ राहायची. शिवणकाम करून तिची बोटं वाकडी झाली होती, जीभ मात्र सरळ होती. काकांनी तिला गाठलं. डब्यातलं दूध म्हणताच तिचे डोळे चमकले. आठवतंय की, म्हणाली. आई जाड बुडाच्या पातेल्यात डबा ओतायची, लोणी आणि साखर घालायची आणि मंद आचेवर ढवळत बसायची. गोळा कडेनं सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. आम्ही पाळी लावून ढवळायचो, हात तुटायची वेळ यायची. मग ताटात ओतून चौकोन. पांढरेशुभ्र.

"पांढरे?" काका म्हणाले.

"मग काय हिरवे?"

"तपकिरी होते, ताई. आणि बिस्किटाचे."

"बाळ, बिस्किटं कुठली? तुला स्वप्न पडलंय. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या घरी खाऊन आलायस आणि आपल्या आईच्या नावावर खपवतोयस."

काकांनी वाद घातला नाही. परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि ज्या थांब्यावर उतरायचं त्याच्या पुढे दोन थांबे गेले. ताईच्या डोळ्यांसमोर पांढरे चौकोन होते, त्यांच्या डोळ्यांसमोर तपकिरी. आई एकच, ताटही एकच. दोघांपैकी एकाचं डोकं फिरलेलं होतं. आणि गॅसवर आधण ठेवून गेलेलं डोकं ताईचं नव्हतं.

त्यांना भीती वाटली ती इथे. किल्ली विसरणं वेगळं, ती नव्यानं आलेली गोष्ट. पण ही आठवण तर जन्मभर सांभाळलेली. तीच खोटी असेल तर बाकीच्यांचा काय भरवसा? लग्न, बायकोचं बोलणं, मुलाचं पहिलं पाऊल, यातलंही काय खरं आणि काय आपण बरणीमागे बसून रचलेलं?

त्याच आठवड्यात त्यांनी खोलीवर स्वतः प्रयोग करून पाहिला. सुनेच्या म्हणण्याप्रमाणे साखर जाळून दुधात घातली. रंग आला, चव कडू आली. मग दूधच पातेल्यात तापवून तपकिरी करायला गेले, तर ते बुडाशी धरलं आणि खोलीभर धूर झाला. शिंपी गळ्यात टेप तसाच घेऊन जिना चढून आला. पाठोपाठ कोणीतरी मुलाला फोन केला.

मुलानं पातेलं पाहिलं, खिडकी उघडली आणि खाटेवर बसला. त्याला राग आला नव्हता, आणि काकांना तेच जड गेलं. तो म्हणाला की दिवसभर त्याचं लक्ष कामात नसतं, फोन वाजला की आधी शिंप्याचा आहे का ते बघतो. डब्याचं खूळ सोडा आणि घरी चला. तिथे खोली रिकामी आहे.

काकांना काय झालं कोण जाणे. जन्मभर "बघतो" म्हणणारा माणूस त्या दिवशी दुसरंच बोलून गेला.

"तो डबा खरा निघाला तर मी इथेच राहीन," ते म्हणाले. "नाही निघाला, तर तू म्हणशील त्या दिवशी येतो. कुलूपसुद्धा घालणार नाही."

मुलगा उठून जळकं पातेलं मोरीत ठेवून आला. "बरं," म्हणाला. असा डबा नसतोच, हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच त्याचा चेहरा कसनुसा झाला. आपण हरणारच नाही अशी पैज लहान मुलाशी लावताना होतो तसा.

पैज लागली खरी, पण पुढे काय करायचं ते काकांना कळेना. घोडं तिथेच पेंड खात उभं. शेवटी सुनेनं ताईला फोन लावला. नवऱ्याची बाजू बरोबर आहे हे तिला पटत होतं, पण सासऱ्यांचा पडलेला चेहरा तिला बघवत नव्हता. बाबांच्या आईला ओळखणारं कोणी हयात आहे का, तिनं विचारलं. ताईनं आठवून आठवून सांगितलं, आईबरोबर हॉस्पिटलच्या धुलाईत एक मैत्रीण होती, भट्टीवर. आहे अजून. पुतण्याकडे असते, सायकलच्या दुकानावर. एका कानानं ऐकू येत नाही, दुसऱ्यानं नको तेवढं येतं.

आई हॉस्पिटलच्या धुलाईत होती हे काकांना माहीत होतंच. तिथे मोठमोठ्या तांब्याच्या भट्ट्या असायच्या. त्यांत चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले सोडा घालून उकळायचे. आईच्या हातांना त्याचा वास कायम असायचा. पण त्या वासाचा आणि दुधाचा काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सून त्यांना घेऊन गेली. जिना सायकलच्या चाकांनी निम्मा अडवलेला. वर एका स्वच्छ खोलीत भट्टीवाल्या मावशी खुर्चीत बसल्या होत्या. आकारानं एवढ्याशा, पण हात अजून मोठे, टॉवेल पिळणाऱ्या बाईचे. सुनेनं त्यांच्या चांगल्या कानाशी जाऊन काका कोण ते सांगितलं. मावशींनी काकांना खालून वर न्याहाळलं.

"म्हणजे तू तो कोपरेवाला?"

काका उभेच राहिले.

"कोपरा बाळचा, कोपरा बाळचा," मावशी म्हणाल्या. "तुझी आई सारखी तेच सांगायची. कोपरा दिला नाही तर पोरगं दिवसभर बोलत नाही. बस ना, उभा काय राहिलास? तेव्हाही असाच दाराशी उभा राहायचास."

काका बसले. त्यांनी विचारलं, आई डबा आणायची तो कसला होता.

मावशी आधी हसल्या. मग दाराकडे पाहिलं, जणू मुकादम अजून ऐकत असेल. मग सांगू लागल्या. कसला म्हणजे? तुमच्या-आमच्या दुकानातलाच, पांढऱ्या दुधाचा. तुझी आई सकाळी त्याचा कागद सोलून काढायची. भट्टीत कागद सुटला तर चादरींना चिकटायचा आणि चोरी पकडली जायची. मग न उघडताच तो डबा एका जुन्या अभ्र्यात घालून तोंड दोरीनं बांधायचं, आणि पहिल्या चादरींबरोबर भट्टीच्या तळाशी. घाण्यामागून घाणे निघायचे, डबा खालीच. संध्याकाळी शेवटच्या चादरी निघाल्या की लाकडी वल्ह्यानं दोरी ओढून बाहेर. आत दूध शिजून तपकिरी झालेलं. धुलाईत कोणी खाण्याची वस्तू आणायची नाही असा नियम, म्हणून पोरांनासुद्धा सांगायची नाही. पोरं म्हणजे दवंडी.

सुनेचा हात तोंडावर गेला.

मावशींना आता रंग चढला होता. एकदा काय झालं, त्या म्हणाल्या, भट्टीतलं पाणी खाली गेलं आणि कोणाचं लक्ष नाही. डबा उघडा पडला आणि फुटला. वॉर्डातल्या सगळ्या चादरींवर तपकिरी डाग. मोठ्या नर्सबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, वॉर्डात काहीतरी नवीन रोग आलाय. त्या चादरी पुन्हा पुन्हा उकळून घेतल्या. तुझी आई आणि मी नाकासमोर बघून वल्हं मारतोय, आणि खोलीभर असा वास सुटलाय, की बाजूच्या इस्त्रीवाल्या पोरी विचारतायत, आज साबण बदलला का?

सून हसून हसून डोळे पुसत होती. मावशींनी तिला बोट दाखवून बजावलं, करशील तर डबा पाण्याखाली बुडलेलाच राहिला पाहिजे. डोकं वर काढलं की फुटला. पाणी घालत राहायचं, आणि पुरता गार झाल्याशिवाय उघडायचा नाही.

काका मात्र हसले नाहीत. उघडा पत्रा. आईच्या पिशवीतून निघणारा डबा हाताला कोमट लागायचा. त्याला सोड्याचा वास यायचा. सगळं होतं, जन्मभर त्यांच्याचपाशी होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डब्यांचे कागद पुढे करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि बिनकागदाच्या डब्याचा कागद कुठे गेला असेल, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नाही. डोकं ठिकाणावर होतं तर. त्यांच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं, आणि त्या मोकळेपणात त्यांनी सहज विचारलं,

"आणि आप्पांना माहीत होतं हे?"

मावशींच्या कपाळाला आठी पडली. "कोण आप्पा? तुझे वडील?"

"हो."

"अरे, ते तर आधीच गेले होते. म्हणून तर ती भट्टीवर आली."

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. काकांनी मान हलवली, हो हो, तेही खरंच. आणि चहा आला, तो घेतला.

आप्पांची सुरी, आप्पांची मिशी, सगळं सुनेनं ऐकलेलं होतं. एरवी परतताना तिनं रस्ताभर बडबड केली असती. काकांनाही बोलायचं नव्हतं. वडील गेले तेव्हा आपण शाळेतही जात नव्हतो, हे त्यांना माहीत होतं. आई त्यानंतर कामाला लागली, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी त्यांनी जन्मात कधी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. डबा भट्टीतून आला, म्हणजे आप्पा नव्हते. आप्पा होते, तर डबा नव्हता. मग सुरी कोणाच्या हातात होती? डबा खरा करायला निघालो आणि आप्पांना हरवून बसलो, असं काहीतरी त्यांच्या मनात येत होतं, पण ते नीट मांडता येत नव्हतं.

पुढच्या सुट्टीला सुनेनं मोठं पातेलं काढलं. डबा सोलून पाण्यात बुडवला आणि स्वयंपाकघरात पहारा बसवला. पाणी जरा कमी झालं की केटलीतून भर. काकांना तिनं स्टुलावर बसवलं आणि पाण्यावर नजर ठेवायचं काम दिलं. ते त्यांनी इतकं मन लावून केलं की चष्म्यावर वाफ साचली तरी पुसली नाही. ताईलाही बोलावलं होतं. ती आल्या आल्या म्हणाली, हा काय पोरखेळ, कपडे धुताय का स्वयंपाक करताय?

डबा पुरता गार झाल्यावर मुलानंच तो उघडला. सगळे वाकून बघत होते. आत तपकिरी, दाट, चकचकीत. त्यानं चमचा खुपसला आणि सोडला. चमचा उभा राहिला.

मुलानं तो काढून पुन्हा खुपसून पाहिला. मग म्हणाला, "जिंकलात, बाबा."

त्याच्या आवाजात हरल्याचं दुःख नव्हतं. उलट कुठूनतरी सुटका झाल्यासारखं वाटत होतं. त्यालाही बाप शाबूत हवाच होता.

लोणी, बिस्किटं, ताट, वाटीचं बूड, सगळं काकांनी सांगितलं तसं झालं. रात्रभर कोणी थांबणार नव्हतं, म्हणून ताट फ्रिजमध्ये गेलं. घट्ट होऊन ते बाहेर निघाल्यावर सुनेनं चौकोन पाडले आणि पहिला कोपरा काकांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला. तीच चव. अगदी तीच. डोळे मिटले तर समोर सुरी, जाड काळा कोट, ताटावर वाकलेली पाठ, आणि मिशी.

ताईनं दुसरा तुकडा खाल्ला. मग म्हणाली, "म्हणजे ढवळायला हात राहिले नव्हते तिला."

कोणाला कळलं नाही, म्हणून तिनं सांगितलं. पांढरे चौकोन आप्पा असतानाचे. तेव्हा घरात माणसं होती, वेळ होता. मग आप्पा गेले, माझं लग्न होऊन मी दूर गेले, आई दिवसभर वल्हं मारून यायची. तेच हात घेऊन घरी पुन्हा पातेलं कोण ढवळणार? म्हणून भट्टीकडून शिजवून घेतलं. मला काही बोलली नाही. मी कधीतरी आले की पांढरेच करायची, माझ्याकडून ढवळून घ्यायची.

काकांनी ताट थोडं सरकवलं. मग, कोणाकडे न बघता, त्यांनी तो प्रश्न विचारला. ताई, मग चौकोन कोण पाडायचं?

"आईच पाडत असेल. घरात तुम्ही दोघंच होतात."

"नाही," काका म्हणाले. "कोट होता. काळा. लांब."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिची सरळ जीभ क्षणभर अडखळली. "आईच होती ती, बाळ. थंडीत ती आप्पांचा कोट घालून कामावर जायची. बाह्या मीच आखूड केल्या होत्या. घरात विस्तव नसला की घरातसुद्धा तो काढायची नाही."

सून उगाच सुरी पुसत राहिली. काका विचार करत होते. कोट जुळत होता. वाकलेली पाठ जुळत होती. कोपरा बाळचा, हे तर आईच म्हणायची, मावशींनीच सांगितलं होतं. सगळं एकावर एक नीट बसत होतं, फळीवरच्या डब्यांसारखं. आणि तरीही.

"मिशी होती," ते हळूच म्हणाले.

"बाळ, कोटाला मिशी कुठून येणार?"

"तेच कळत नाही. चुरा अडकलेला मला अजून दिसतो."

ताईला हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही तिला जमेना. तिनं भावाच्या पाठीवरून आपला वाकडा हात फिरवला आणि म्हणाली, असू दे, खा तू.

संध्याकाळी मुलगा त्यांना खोलीपर्यंत सोडायला आला, बरोबर सूनही. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. जिना चढून काकांनी कुलूप उघडलं, दिवा लावला, आणि दाराशीच थांबले. मग खिशातून जुडगा काढला. त्यात त्या कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. बायको असताना एक तिची असायची. त्यांनी ती बोटांनी बराच वेळ खटपट करून सोडवली आणि सुनेच्या हातावर ठेवली.

"एक तुझ्याकडे असू दे. मी दुकानात गेलो की गॅस बघून जात जा."

मुलगा गोंधळला. "पण बाबा, पैज तुम्ही जिंकलात."

"डब्याची जिंकलो," काका म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. "मिशीचं बघतो."